ज्यांना लोखंड सोसत नाही त्यांनी दाढी कशी करावी

बेंबीच्या खाली दोन बोटांवर, जीनच्या बटणाएवढा गोल, काळपट, खाजरा डाग असेल तर हे मार्गदर्शन तुमच्यासाठी आहे. घड्याळाच्या बकलाखाली त्याचाच धाकटा भाऊ असेल तर तुम्ही वरच्या वर्गातले. आणि दाढी केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल तांबडेलाल होऊन तिखट लागल्यागत चुरचुरत असतील, तर काही विचारायलाच नको. तुमचे थोडे पैसे जाणं आता अटळ आहे.

आमच्या धाराशिवकडं याला 'लोखंड सोसत नाही' म्हणतात. लोखंडाचा यात काडीचा संबंध नसतो, दोष बहुतेक वेळा निकेलचा. पण निकेलला गावात कुणी ओळखत नाही आणि लोखंडाला सगळे ओळखतात. चोरी झाली की ओळखीच्याच माणसाचं नाव पुढं येतं, तसं ते आहे.

या विषयात माझा चार वर्षांचा अनुभव आहे. दोन रेझर, एक मशीन, साडेतीन ट्यूबा आणि एक मेव्हणा एवढं भांडवल त्यात घातलंय. तेव्हा खालच्या पायऱ्या क्रमानं चढा, मधली एकही गाळू नका. गाळली तर लवकर बरं व्हायचा धोका आहे.

१. निदान घरीच करून घ्या

डॉक्टर ही शेवटची पायरी. सुरुवात बायकोपासून करा. ती भांडी घासता घासता तुमच्याकडं न बघताच सांगेल, "परवा वांगं खाल्लंत." मग आईकडं जा. ती मीठ-मोहऱ्या घेऊन उठेल. सलूनमध्ये खुर्चीवर बसा, हनुवटी वर करून, आरशात बघत, अत्यंत गंभीर आवाजात सांगितलं जाईल, "मालक, रक्त तापलंय." चुलते कडुलिंबाचा पाला वाटून प्यायला सांगतील आणि समोर बसून पिऊन घेतील. मेव्हण्याला फोन करू नका, तो स्वतःच करील. तो पुण्याला असतो, म्हणून त्याचं मत सगळ्यांच्या शेवटी आणि सगळ्यांच्या वरच्या आवाजात येतं: "दाजी, तुमचं सामानच चुकीचं आहे."

ही पाचही मतं एकदम पाळता येतात. मी पाळली.

२. परवा काय केलं ते अजिबात आठवू नका

ही पायरी नीट समजून घ्या, सगळं शास्त्र हिच्यावर उभं आहे. कांदा चिरला की लगेच डोळ्यात पाणी येतं, निकेलचं तसं नाही. घामात, साबणाच्या पाण्यात त्याचे कण सुटतात, कातडीत शिरतात. आतल्या पेशींना हा जुना वैरी आहे हे ओळखू येतं, त्या बाकीच्यांना बोलावून आणतात, आणि मग गाल उठतो. या सगळ्याला २४ ते ७२ तास लागतात. भावकीत बांध कोरला जातो सोमवारी आणि कुऱ्हाडी निघतात बुधवारी, तोच हिशेब. आजचं तोंड परवाच्या गुन्ह्याची शिक्षा भोगत असतं.

आता आपलं कॅलेंडर घ्या. सोमवारी सलून बंद. मंगळवार तुळजाभवानीचा, दाढी नाही. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, मधे अमावस्या आली तर तीही गेली. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. रविवारी सकाळी रेझर फिरवलात की मंगळवारी गाल पेटतो, नेमका तुळजापूरहून दर्शन घेऊन आल्यावर. मग दोष बसमधल्या धुळीचा, उन्हाचा, नाहीतर कुणीतरी कपाळभर फासलेल्या कुंकवाचा. बुधवारची दाढी शुक्रवारी उठते, आणि शुक्रवारी तुम्ही त्याच्यावरूनच पुन्हा रेझर फिरवता. खरा गुन्हेगार दोन दिवसांपूर्वीच धुऊनपुसून फडताळात जाऊन बसलेला असतो.

एकदा मी जवळजवळ छडा लावला होता. नवरात्रात आमच्याकडं घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत दाढीला हात लावत नाहीत, चप्पलही घालत नाहीत. अनवाणी असतो म्हणून शेताकडंही फिरकत नाही, काटे फार. त्या वर्षी दसऱ्याला आरशात पाहिलं तर दाढीच्या आतली कातडी लहान लेकरासारखी नितळ. आईनं देवीला हात जोडले. मी म्हणालो, देवीचं खरंच आहे, पण नऊ दिवस रेझरसुद्धा बंद होता. त्यावर घरात जी शांतता पसरली ती पाहून मी दुसऱ्याच दिवशी गुळगुळीत दाढी केली.

३. मलम

मेडिकलवर जाऊन नुसता गाल पुढं करा. नाव विचारायची, चिठ्ठी दाखवायची गरज नाही. एक छोटी ट्यूब मिळेल. तिच्यात बुरशीचं औषध असतं, जंतूंचं असतं, आणि मुख्य म्हणजे स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत गाल असा होतो की तुम्ही शेजाऱ्यालाही तीच ट्यूब सुचवता. बंद केली की चौथ्या दिवशी दुप्पट. चालू ठेवली की कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ होऊन आतल्या तांबड्या शिरा दिसायला लागतात, आणि लोक म्हणतात तब्येत सुधारली, गालावर लाली आली.

४. आता सामान घ्या, आणि महाग घ्या

स्वस्त वस्तूनं ॲलर्जी होते आणि महाग वस्तूनं जाते, असा पुण्याचा सिद्धांत आहे. त्यानुसार मेव्हण्यानं मला एक जड, चकचकीत, तीन भागांत उघडणारा रेझर पाठवला. हातात घेतला की सासऱ्यांनी लग्नात घड्याळ दिलं होतं त्या दिवसाची आठवण यावी असा.

अशा बहुतेक रेझरांची जात एकच. आत पितळ किंवा जस्ताचा ओतीव मिश्रधातू, त्याच्यावर निकेलचं अस्तर, आणि त्याच्यावर क्रोमचा पातळ मुलामा. झळाळी क्रोमची, पण क्रोमला धरून ठेवणारं, खालचं पितळ झाकणारं काम निकेल करतं. नवा असेपर्यंत सगळं ठीक. पण आमच्या बोअरचं पाणी म्हणजे निम्मा चुनाच. साबणाला फेस येत नाही, आणि रेझरवर आठ दिवसांत पांढरा थर बसतो. तो मी भांड्यांच्या तारेच्या घासणीनं काढायचो. सहा महिन्यांनी उजेडात धरून पाहिलं तर ब्लेड दाबून धरणाऱ्या वरच्या टोपीच्या दोन्ही कोपऱ्यांत क्रोम उडालेला. मधे राखाडी-पिवळसर कडा, आणि अगदी टोकाला पितळेची पिवळीजर्द रेघ. म्हणजे दर दाढीला गालावर मी निकेलची कडा दाबून ओढत होतो, तीही कोमट पाण्यानं आणि साबणानं पुरेशी भिजवून.

निकेल हे नावच मुळी शिवीतून आलेलं आहे. जर्मनीतल्या खाणकामगारांना तांब्यासारखा तांबूस दगड सापडायचा, भट्टीत घालावा तर तांबं काही निघायचं नाही. खाणीतलं भूत आपल्याला फसवतंय असं त्यांनी ठरवलं आणि दगडाचं नाव पाडलं कुप्फरनिकेल. आपल्याकडं म्हटलं असतं तांब्यातला चकवा. १७५१ साली आक्सेल क्रोन्स्टेट या स्वीडिश रसायनतज्ज्ञानं त्याच जातीच्या दगडातून नवा धातू वेगळा काढला, आणि भुताचं नाव त्या धातूला चिकटलं. आता ते तुमच्या गालावर बसलंय.

आणि ज्याच्यावर सगळे तुटून पडतात ते ब्लेड? दाढीच्या ब्लेडच्या स्टीलमध्ये लोखंड, साधारण १३ टक्के क्रोमियम आणि धार टिकायला थोडा कार्बन असतो. निकेल जवळजवळ नसतंच. घरातल्या डब्यावर १८/८ लिहिलेलं असतं, त्यातला आठ म्हणजे आठ टक्के निकेल, पण ते स्टील आपलं निकेल कंजुषासारखं धरून ठेवतं, सहसा सोडत नाही. म्हणजे धारेवर धरायचं होतं टोपीला, आणि आपण धरलं धारेला. मी चार वर्षांत अकरा जातींची ब्लेडं बदलली.

५. घरातल्या सगळ्या वस्तूंची झडती घ्या

ही पायरी स्वस्त आहे, म्हणून कुणी सांगत नाही. बारावी सायन्सच्या प्रॅक्टिकलला ज्यांनी क्षार ओळखले असतील त्यांना डायमिथाइलग्लायॉक्सिम आठवत असेल. परीक्षेत हा शब्द न अडखळता म्हणता आला की अर्धे मार्क मिळाल्यासारखं वाटायचं. ते आणि अमोनिया, दोन्हींचे थेंब कापसाच्या काडीवर घ्यायचे आणि धातूवर अर्धा-एक मिनिट चोळायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. कॉलेजात शिकवणाऱ्या मित्राकडून मी दोन छोट्या बाटल्या आणल्या आणि रविवारी सकाळी ओसरीवर प्रयोगशाळा मांडली.

ब्लेड: कापूस पांढरा. रेझरची मूठ: पांढरा. टोपीचा घासलेला कोपरा: गुलाबी, जत्रेतल्या साखरेच्या म्हातारीसारखा. मला इतका आनंद झाला की मी थांबलोच नाही. पट्ट्याचं बकल गुलाबी. कपाटाची किल्ली गुलाबी. आईच्या डब्यातला १९८० च्या दशकातला रुपया गुलाबी, कारण तो तांबं-निकेलचा. आजचा रुपया कोरडा, तो लोखंड-क्रोमियमचा. महागाईनं रुपयातलं निकेलसुद्धा काढून घेतलं.

तेवढ्यात बायको पाणी भरून आली. एसटीनं गावाला जाताना सोन्याचं घालत नाही म्हणून तिच्या गळ्यात बेन्टेक्सचं मंगळसूत्र होतं. उत्साहाच्या भरात मी त्याच्या मागच्या आकड्यावर काडी फिरवली. रेझरपेक्षा गडद गुलाबी. शास्त्रज्ञाच्या सुरात मी तिला कापूस दाखवला. तिनं केस बाजूला करून मान दाखवली. आकड्याच्या जागी रुपयाएवढा काळा, जाड झालेला चट्टा.

"सहा वर्षं झाली खाजतंय. कितीदा सांगितलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, घाम असंल, पावडर लाव."

नवशिक्यांनो, या पायरीवर कापूस पिशवीत गुंडाळून टाका आणि बाजाराला निघून जा. पुस्तकात लिहिलेलं असतं की निकेलचा त्रास बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होतो, कारण कान लहानपणी टोचतात आणि खोट्या दागिन्यांचा आकडा वर्षानुवर्षं अंगाला लागून असतो. ते वाचायची मला कधी गरज पडली नव्हती. माझं संशोधन दाढीपुरतं होतं. युरोपात १९९४ साली नियमच झाला, की अंगाला सतत लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटर ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. यात्रेतल्या कानातल्यांच्या गाड्यावर हा आकडा विचारून बघा. गाडेवाला म्हणेल, "ताई, काळं पडलं तर बदलून देतो."

६. मशीन

पाणी लागत नाही म्हणून इलेक्ट्रिक मशीन घ्यावं, हा विचार दुष्काळी जिल्ह्यात कुणालाही पटतो. टँकर चार दिवसांनी येणार असेल तर दाढीचं तांब्याभर पाणीही हिशेबात असतं. मीही घेतलं, जाळीचं, हप्त्यावर. गालाला ब्लेड लागतच नाही, मधे बारीक भोकांची जाळी असते, हे वाचून तर फारच सुरक्षित वाटलं.

ती पातळ जाळी बहुतेक वेळा विजेच्या साहाय्यानं थर चढवून घडवलेली असते. कशाचा थर? निकेलचा. टोपीच्या कोपऱ्यांतल्या दोन टिंबांना भिऊन मी अख्ख्या गालावर निकेलची चाळणी फिरवायला लागलो, सकाळ-संध्याकाळ, कारण हप्ते चालू होते.

७. टायटॅनियम, सोन्याचा मुलामा, 'हायपोॲलर्जेनिक'

टायटॅनियम निकेलवाल्यांना चांगलं सोसतं. त्याचा रेझर घ्यायचा तर एक शेळी विकावी लागते. सोन्याच्या मुलाम्याखाली बरेचदा पुन्हा निकेलचंच अस्तर असतं, म्हणजे चोराला फेटा बांधल्यासारखं. आणि 'हायपोॲलर्जेनिक' या शब्दाला वजन-मापासारखं कुठलंही एक मोजमाप ठरलेलं नाही. खोक्यावर जागा उरली की तो छापता येतो. तरी घ्या. शब्द लांब आहे.

८. पंधरा रुपयांचा रेझर मुळीच घेऊ नका

२०१० साली जिलेटनं खास भारतासाठी एक रेझर काढला, गार्ड नावाचा. किंमत तेव्हा १५ रुपये, नवं पातं ५ रुपयांना. एकच पातं, बाकी जवळजवळ सगळं प्लास्टिक. ज्याला निकेल सोसत नाही त्याच्या गालाला यात प्लास्टिक लागतं आणि त्या बिननिकेलच्या स्टीलची एक बारीक धार, बस्स. म्हणजे चार वर्षं मी जे शोधत होतो ते किराणा दुकानात, शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी लटकत होतं. पण ते घेऊन मेव्हण्याला काय तोंड दाखवणार? घरी आणलं तर तो काय म्हणेल ते मला पाठ होतं: "दाजी, चेहऱ्यावर तरी काटकसर करू नका."

९. सलूनमध्ये कसं बसावं

ताठ बसा आणि काही सांगू नका. सांगितलं तर खुर्चीमागं थांबलेली तिघं-चौघं आपापली पुरळ दाखवतील.

माझ्या आजोबांची दाढी लिंबाखाली व्हायची, कार्बन स्टीलच्या वस्तऱ्यानं, चामड्याच्या पट्ट्यावर परजून. हजामतीचा मोबदला सुगीला ज्वारीत. त्या वस्तऱ्यात निकेलचा मुलामा नव्हता. मूठ शिंगाची नाहीतर लाकडाची. जगातल्या कुठल्याही त्वचारोगतज्ज्ञानं पसंत करावं असं ते सामान होतं, फक्त एकाच वस्तऱ्यानं सगळं गाव निघायचं. नव्वदच्या दशकात एड्सची भिंतीभिंतींवर जाहिरात झाली आणि गिऱ्हाईक 'नवं ब्लेड टाका' म्हणायला शिकलं. आता कागदातल्या कागदात ब्लेड मधोमध वाकवून 'कट्' असं तोडतात आणि अर्धं पातं वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतात. तो 'कट्' आवाज ऐकला की मला अजून बरं वाटतं. दाढी झाल्यावर तुरटीचा खडा फिरवतात, तोही चालतो. त्याच्यावर जो हिरवा, वासाचा आफ्टरशेव्ह थापटतात त्याच्याबद्दल मात्र जपून. त्यातल्या सुगंधाची ॲलर्जी असणारी माणसं काही थोडीथोडकी नाहीत. पण तो आग आग करतो, आणि आग झाल्याशिवाय औषध लागू पडलं असं आपल्याला वाटत नाही.

१०. पथ्य

काही डॉक्टर त्रास फारच असेल तर कमी निकेलचा आहार सुचवतात. यादी अशी: सोयाबीन बंद, तूर बंद, हरभरा बंद, मसूर बंद, शेंगदाणे बंद, काजू-चॉकलेट बंद.

ही यादी मी पारावर वाचून दाखवली. सगळे गप्प झाले. जिल्ह्याच्या खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा, आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी. म्हणजे पथ्य असं नाही, जिल्हाच सोडायचा. शेवटी एक म्हातारे बाबा म्हणाले, "मग वांगं चालतंय का?" वांग्याचं नाव यादीत नव्हतं. ही बातमी मी बायकोला अजून सांगितलेली नाही.

११. धातूविना दाढी

धाडसी विद्यार्थ्यांसाठी. पार्लरमध्ये दोऱ्यानं भुवया कोरतात, तसा अख्खा गाल कोरून घेता येतो. पहिल्या वीस केसांनंतर तुम्ही निकेलला माफ करता. केस काढायची पावडर मिळते, सडक्या अंड्याच्या वासाची. तिच्यात बरेचदा बेरियम सल्फाइड असतं, आणि बेरियम हाही धातूच. सुश्रुतसंहितेत केस काढायला शंखाचं चूर्ण आणि हरताळ यांचा लेप आहे. हरताळ म्हणजे आर्सेनिक. थोडक्यात, पत्र्याच्या भीतीनं आपण विषाच्या दुकानापर्यंत येतो.

अगदी शुद्ध, कुठल्याही हत्याराविना चालणारी रीत आपल्याच जिल्ह्यात पाहायला मिळते, आणि तिथं मला थट्टा सुचत नाही. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र. कुलभूषण आणि देशभूषण मुनींच्या मोक्षाचं ठिकाण. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली इथंच सल्लेखना घेऊन देह ठेवला. दिगंबर मुनी डोक्याचे, दाढी-मिशांचे केस स्वतःच्या हातानं उपटतात. केशलोच म्हणतात त्याला. दोन-चार महिन्यांनी एकदा. त्या दिवशी उपवास. वस्तरा, कात्री, आरसा काही नाही. मी एकदा पाहिलंय. चिमटीत येतील तेवढे केस, एक झटका, पुन्हा चिमूट. समोर बसलेली माणसं डोळे पुसत होती, आणि ज्यांचे केस निघत होते त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. घरी येऊन मी दोन केस उपटून पाहिले. तिसऱ्याला हात गेला नाही. नवशिक्यांनी ही पायरी दुरून नमस्कार करून ओलांडावी.

१२. आणखी काहीच उरलं नाही तर पॅच टेस्ट

तेरचे संत गोरोबाकाका कुंभार सगळ्यांना ठाऊक आहेत. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईनं विचारलं, यातली कच्ची मडकी कोणती, आणि काकांनी थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर टकटक केलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव कुरकुरले. ते कच्चे ठरले. पॅच टेस्ट म्हणजे तीच परीक्षा, फक्त पाठीवर. ॲल्युमिनियमच्या नखाएवढ्या वाट्यांत एकेक पदार्थ व्हॅसलिनमध्ये कालवून भरतात: निकेल, क्रोम, सुगंध, रबर, केसांच्या रंगातलं पीपीडी. पाठीवर ओळीनं चिकटवतात. मग ४८ तास आंघोळ नाही, घाम नाही, खाजवायचं नाही. मे महिन्यात मी सोलापूरहून पाठीवर अशा पट्ट्या घेऊन एसटीच्या खिडकीशी बसून आलो. आंघोळीची अट जड गेली नाही, टँकर तसाही आला नव्हता. खाजवायचं नाही ही अट मात्र संतांनाच जमावी.

दोन दिवसांनी पट्ट्या निघाल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाठ वाचली. निकेलच्या खाली दोन अधिक. म्हणजे बटण, बकल, टोपीचा कोपरा, मशीनची जाळी, सगळ्यांवरचे आरोप शाबीत. मी विजयी मुद्रेनं सदरा घालायला लागलो, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा, अजून एक आहे. शेवटच्या ओळीत एका जागी फोड आलेत. तीन अधिक.

"शेती आहे का?"

"आहे."

"बांधावर गाजर गवत?"

आता बांधावर गाजर गवत नाही असा शेतकरी जिल्ह्यात दाखवा. १९५० च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि तिथून गावोगाव आलं, मेव्हण्याच्या मतांसारखंच. काँग्रेस गवत म्हणा, गाजर गवत म्हणा, पांढरी बारीक फुलं आणि वाऱ्यावर उडणारी भुकटी. ती तोंडावर, मानेवर, पापण्यांवर बसते, आणि राबणाऱ्या माणसाचा चेहरा उठतो. तोही लगेच नाही, दिवस-दोन दिवसांनी. उस्मानाबादी शेळी, जिच्या जातीचं नाव २०२३ साली जिल्ह्याचं नाव बदललं तरी बदललं नाही आणि जी वाळत घातलेल्या धोतराचा सोगाही खाते, ती त्या गवताला तोंड लावत नाही. मी मात्र दर शनिवारी, दाढी नसते म्हणून मोकळा वेळ मिळतो, तेव्हा उघड्या तोंडानं बांध साफ करत होतो. हातानं उपटून.

नवरात्रातले नऊ दिवस आठवले. रेझर बंद होता हे खरं. पण अनवाणी असल्यामुळं शेतही बंद होतं. आईला अजून वाटतं देवीनं बरं केलं, आणि आता मला वाद घालायचा धीर नाही.

१३. दाढी वाढवा

गाल बरा होईपर्यंत पातं लावू नका असं सांगितल्यामुळं माझी दाढी दीड महिना वाढली. बांधावर आता गडी जातो, तोंडाला गमछा बांधून, असं मी सांगून ठेवलंय; तो बांधत नाही. बायकोच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले नुसते मणी आहेत, आकडा नाही, गाठ मारलेली. चट्टा फिकट होतोय. तिला ट्यूब वगैरे काही लागली नाही.

दाढी मात्र पांढरी निघाली. साडूच्या मुलीचं लग्न म्हणून मेव्हणा काल पुण्याहून आला. दारातच बॅग ठेवून त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि खिशातून काळ्या रंगाचं पाकीट काढलं. "दाजी, पाच मिनिटांचं काम." मी माझा रिपोर्ट काढून पाहिला. पीपीडीच्या पुढं अधिकही नाही, उणेही नाही, नुसतं प्रश्नचिन्ह आहे. डॉक्टरीणबाईंनी शेजारी लिहिलंय, आधी हातावर लावून बघणे. चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचली. तिथंही तेच छापलंय: थोडा रंग कोपराच्या आतल्या बाजूला लावावा आणि ४८ तास वाट पाहावी.

लग्न उद्या १२ वाजून ३५ मिनिटांनी आहे. मेव्हणा वाटीत रंग कालवतोय.